जोतीरावांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. आपण कधी करणार?



मागच्या वर्षी एका वस्तीत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले होते. गेलेले काका चळवळीतले जुने कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. वस्तीतले बुद्धविहार त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. चाळीसेक घरांनी वर्गणी काढली, बायांनी मजुरीतले पैसे दिले, पोरांनी रात्रपाळीहून येऊन विटा वाहिल्या. प्लॉट मात्र काकांच्या नावावर घेतला, कारण तेव्हा संस्थेची नोंदणी झालेली नव्हती आणि काकांवर सगळ्यांचा विश्वास होता. काकांनी तो शेवटपर्यंत सांभाळला. पण वंदना संपून माणसे जेवायला बसली तेव्हा शहरात राहणारा त्यांचा थोरला मुलगा सहज बोलून गेला, "विहाराच्या जागेवर आता आम्हा चार भावंडांची नावं लागतील. पुढचं नंतर बघू."

त्याच्या मनात पाप होते असे मी म्हणणार नाही. कागदावर तो म्हणत होता ते बरोबरच होते. एका म्हाताऱ्या आजीने विचारले, "बाबांनी काही लिहून ठेवलंय का?" कोणीच बोलले नाही. चार दशके भाषणे, पत्रके, निवेदने आणि मोर्च्याचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या मागे काय व्हावे याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. जागा वस्तीची आहे हे उद्या कोर्टात सिद्ध होईलही, पण त्यात किती वर्षे जातील आणि तोवर किती घरे एकमेकांशी बोलायची बंद होतील, ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी महात्मा फुल्यांच्या चरित्राची पाने पुन्हा उघडली. आपण ज्यांना बाबासाहेबांचे गुरू म्हणून वंदन करतो त्या जोतीरावांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. त्यांच्या शाळा आपल्याला माहीत आहेत, हौद माहीत आहे, 'गुलामगिरी' माहीत आहे. मृत्युपत्राबद्दल फारसे कोणी बोलत नाही. या लेखात त्याबद्दलच बोलायचे आहे.

मागे ठेवण्याचा हक्क कोणाला होता?

मृत्युपत्र म्हणजे काय? माझ्या कष्टाचे जे आहे ते माझ्या मागे कोणाला जावे, हे मी ठरवणार. हे वाक्य आज साधे वाटते. पण या देशात शेकडो वर्षे बहुसंख्य माणसांना ते उच्चारण्याचीच सोय नव्हती.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय पाहा. बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचे धन नसते, ते जे कमावतील ते त्यांच्या धन्याचे, असे तिथे सांगितले आहे. त्याच्याच पुढे ब्राह्मणाने शूद्राचे द्रव्य निःशंकपणे घ्यावे असे म्हटले आहे. दहाव्या अध्यायात तर शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये असा आदेश आहे. नवव्या अध्यायात चार वर्णांच्या बायकांपासून झालेल्या ब्राह्मणाच्या मुलांना चार, तीन, दोन, एक अशा उतरत्या क्रमाने वाटे ठरवून दिले आहेत. म्हणजे आईची जात पाहून मुलाचा वाटा ठरायचा. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळले गेले त्यात स्पर्शास्पर्शाइतकाच मालमत्तेचाही कायदा होता, हे आपण विसरतो. जातिव्यवस्था नुसत्या विटाळावर टिकली नाही. कोणाकडे काय साठेल आणि ते पुढे कोणाकडे जाईल, यावर ती टिकली.

धर्मशास्त्रात मृत्युपत्राला मुळात जागाच नव्हती. मालमत्ता एकत्र कुटुंबाची. पुरुष मेला की त्याचा वाटा उरलेल्या पुरुष भाऊबंदांत विरघळून जाणार. विधवेच्या पदरी पोटगी. नवरा विभक्त असला तरी तिला मिळायचा तो हयातीपुरता उपभोग, पुढे द्यायचा अधिकार नाही. इंग्रजांच्या काळात न्यायालयांनी हळूहळू हिंदूंची मृत्युपत्रे मान्य करायला सुरुवात केली. 1870 मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा झाला, तोही बंगालचा काही भाग आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरता. या कायद्याच्या नावात हिंदूंबरोबर जैन, शीख आणि बौद्धांचाही उल्लेख होता.

आणि आपले काय? आपल्या आज्या-पणज्यांकडे होते ते महार वतन. 1874 च्या वतन कायद्याने वतनाची जमीन सरकारच्या मंजुरीशिवाय वतनाबाहेर देता येत नव्हती. गावकीची राबणूक मात्र पिढ्यानपिढ्या वारशाने येत होती. बापाकडून पोराला काय मिळायचे? जमिनीचा तुकडा, त्याचे आणखी तुकडे, आणि त्या तुकड्यांच्या बदल्यात सगळ्या गावाची वेठ. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्याचे विधेयक मांडले ते हा गळफास सोडवण्यासाठी. ही वतने कायद्याने संपायला 1958 साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

10 जुलै 1887

या पार्श्वभूमीवर पुण्यात एक माळी माणूस कागद-दौत घेऊन बसतो. वय साठ. मूलबाळ नाही. दहा जुलै 1887 रोजी जोतीराव आपले मृत्युपत्र करतात आणि ते नोंदवूनही ठेवतात. लक्षात घ्या, 1870 चा कायदा पुण्याला लागू नव्हता. पुण्यासारख्या ठिकाणी तेव्हा तोंडी मृत्युपत्रही चालून जाई. तरीही त्यांनी लिहून ठेवले. शब्द हवेत विरतो आणि अडाण्याला फसवायला भटजी-कुळकर्णी टपलेले असतात, हे ज्याने आयुष्यभर सांगितले तो माणूस स्वतःच्या बाबतीत तोंडी शब्दावर कसा विसंबेल?

त्यांनी वारस म्हणून नाव घातले यशवंतचे. यशवंत कोण? 1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल मारू नये, यासाठी. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा, काशीबाईंचा, हा मुलगा. या दोघांनी तो आपला मानला आणि वाढवला.

आता कायद्याच्या नजरेने पाहा. त्या काळी न्यायालये जो हिंदू कायदा चालवत होती त्यात दत्तक मुलगा सजातीय असला पाहिजे असा दंडक होता. माळ्याच्या घरात ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक म्हणून टिकणे अवघड. जोतीरावांचे भाऊबंद होते, पुतणे होते. काही न लिहिता जोतीराव गेले असते तर भाऊबंद पुढे सरसावले असते आणि यशवंत हा घरात वाढलेला परका मुलगा ठरला असता. सावित्रीबाईंच्या हाती उरला असता विधवेचा तुटपुंजा हक्क. जन्माने, जातीने आणि धर्मशास्त्राने जो वारस होऊ शकत नव्हता त्याला वारस करायचे, तर एकच हत्यार होते. नाव घेऊन लिहिणे. जोतीरावांनी तेच केले.

त्या कागदात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे अंत्यविधी. आपले क्रियाकर्म यशवंतने करावे आणि ब्राह्मण पुरोहिताला त्यापासून दूर ठेवावे, असे त्यांनी बजावून ठेवले. पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची जी लढाई त्यांनी सत्यशोधक समाजातर्फे लढली तीच त्यांनी स्वतःच्या तिरडीपर्यंत नेली. दुसरी गोष्ट मला जास्त विचारात पाडते. हा मुलगा शिकला नाही, वाया गेला, तर माळी, कुणबी, धनगर अशा जातींतल्या एखाद्या लायक मुलाचा विचार व्हावा, अशी तजवीज त्यांनी केली होती. ज्याला पोटच्या मुलासारखे वाढवले त्याच्याही बाबतीत आंधळी माया नाही. वारसा रक्ताने नाही, लायकीने मिळावा. मनूच्या चार-तीन-दोन-एकच्या वाट्यांना याहून नेमके उत्तर कोणते असेल?

वेळही पाहा. मृत्युपत्र 1887 च्या जुलैत. 1888 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डाव्या हाताने लिहायला शिकून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. पण समजा मृत्युपत्र तोवर केले नसते, तर पुढे कोर्टात भाऊबंदांचा वकील पहिला प्रश्न हाच विचारता, की लकवा झालेल्या माणसाचे डोके ठिकाणावर होते का? धडधाकट असताना लिहिले म्हणून तो प्रश्नच उरला नाही.

कागद होता, तरी वाट अडवली

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. त्यांची इच्छा दफनाची होती, देह मिठात पुरावा अशी. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण नगरपालिकेने वस्तीत दफनाला परवानगी दिली नाही आणि दहन करावे लागले. ज्या नगरपालिकेचे ते सभासद राहिले होते तिनेच नकार दिला.

अंत्ययात्रा निघताना भाऊबंद आडवे आले. टिटवे धरण्याचा हक्क रक्ताच्या पुतण्यांचा, यशवंतचा नाही, असा वाद त्यांनी घातला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. आपण हा प्रसंग स्त्रीमुक्तीची घटना म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्यामागे एक वारसाहक्काचा वाद होता हे फार थोडे लोक सांगतात. टिटवे कोण धरतो यावर वारस कोण हे ठरत असे. त्या दिवशी भाऊबंदांना मडक्यापेक्षा मालकी हवी होती.

यातून दोन धडे निघतात. कागद असला तरी तो राबवायला त्याच्या बाजूने उभे राहणारे माणूस लागते. आणि माणूस कितीही खंबीर असले तरी हाती कागद नसेल तर ते स्मशानापर्यंतच पोचते, कचेरीत हरते. सावित्रीबाई आणि मृत्युपत्र दोन्ही होते म्हणून यशवंत टिकला. 1891 मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून प्रसिद्ध केले ते यशवंतनेच. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणत राहिल्या आणि महार वस्तीतल्या एका मुलाला आणताना संसर्ग होऊन 10 मार्चला गेल्या. वारसदाराने घर मिळवले आणि कामही पुढे नेले. जोतीरावांनी यासाठीच तर लिहून ठेवले होते.

पेट्यांत अडकलेली हस्तलिखिते

आता आपल्या घरातली गोष्ट. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत 26 अलीपूर रोडवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्यामागे उरली ती मुख्यतः पुस्तके आणि कागद. छापून न झालेल्या ग्रंथांची हस्तलिखिते, टिपणे, अर्धवट प्रकरणे. ते कागद आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या अभिरक्षकाकडे गेले, नंतर महाराष्ट्रातल्या महाप्रशासकाच्या ताब्यात. पेट्या बंद. नागपूरच्या एका वकिलांनी हे लेखन छापू द्या किंवा सरकारला छापायला सांगा म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली. 1976 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांनी जिवाचे रान केले. पहिला खंड 14 एप्रिल 1979 रोजी आला, आणि पेट्यांतले अप्रकाशित लेखन लोकांच्या हाती पडायला 1987 साल उजाडले.

हिशेब करा. 1972 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून दलित पँथर उभी राहिली तेव्हा 'रिडल्स इन हिंदुइझम' कुलपात होते. एक अख्खी पिढी बाबासाहेबांचे ते विचार न वाचताच लढली आणि थकली. कोणाचे चुकले हे ठरवायला मी बसलेली नाही, त्या वादाने आपले खूप नुकसान आधीच केले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की माणसाचे लेखन हीसुद्धा मालमत्ता असते. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. तुमच्या वस्तीतला शाहीर, तुमच्या जिल्ह्यातला कथाकार, पँथरच्या काळातल्या फोटोंची पेटी सांभाळणारे भाऊ, यांच्यामागे ते सगळे कोणाकडे जाणार? रद्दीवाल्याकडे गेलेली अशी दोन घरे मी स्वतः पाहिली आहेत.

बाबासाहेबांचा कायदा आणि आपण

मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, विधवेला पूर्ण मालकी, जातीबाहेरच्या दत्तकाला मान्यता, या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये कायदेमंत्रिपद सोडले. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने सजातीयतेची अट गेली. यशवंतसाठी जोतीरावांना जी वाट शोधावी लागली ती सगळ्यांसाठी मोकळी झाली. चार महिन्यांनी, 14 ऑक्टोबरला, आपण नागपूरला धम्म स्वीकारला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा वारसा कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. तुम्ही बावीस प्रतिज्ञा रोज म्हणत असाल, पण मृत्युपत्र न करता गेलात तर तुमच्यामागे वाटणी होईल ती हिंदू वारसा कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे. ते कोष्टक मनूपेक्षा हजार पटींनी न्याय्य आहे, पण त्यात खाचा आहेत आणि त्या खाचांत बाईच पडते.

कलम 15 वाचा. मृत्युपत्र न करता गेलेल्या बाईची मिळकत आधी तिच्या मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईबाप त्यांच्यानंतर. आईबापांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला अपवाद आहे, स्वतः कमावलेल्या मिळकतीला नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका बाईचे प्रकरण आले. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली, पैसे साठवले, आणि मृत्युपत्र न करता ती गेली. तिची बँकेतली शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधी कोणाला मिळाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने कायद्यातले शब्द लावले. तिने एक पान लिहिले असते तर ते शब्द लावायची वेळच आली नसती.

आपल्या किती बहिणी आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, पोलिसात आहेत? किती जणी परित्यक्ता आहेत आणि आईबापांना एकट्या सांभाळतात? त्यांना कोणी सांगितले आहे हे?

दुसरी खाच नॉमिनीची. "मी बँकेत नॉमिनी लावलाय, मृत्युपत्र कशाला?" हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा हात असतो, मालक नव्हे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये सांगितले आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये. विम्याच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकांपुरता पुढे बदल झाला, पण बँकेतल्या पैशांवर वारस हक्क सांगू शकतातच.

तिसरी खाच आपल्या सातबाऱ्यावर आहे. वतनाची जमीन परत मिळाली ती हस्तांतरणाच्या शर्तींसह. अनेक गावांत ती आजही आजोबा-पणजोबांच्या नावावर आहे. तीन पिढ्यांचे तीस वारस. एक पुण्यात, एक सुरतला, एक सापडतच नाही. रस्त्यात जमीन गेली की मोबदल्यासाठी तीस सह्या गोळा करताना दलालाचे फावते. आज वारस नोंद करून घेतली आणि आपल्या वाट्यापुरते मृत्युपत्र केले, तर तिसाचे साठ होणार नाहीत.

हत्यार उलटेही फिरते

एक कडू गोष्ट न सांगता पुढे गेले तर हा लेख खोटा ठरेल. ज्या कायद्याने मुलीला वाटा दिला त्याच कायद्याच्या कलम 30 ने मृत्युपत्राचा हक्कही दिला, आणि या देशात कित्येक बापांनी तो वापरला मुलींना डावलण्यासाठी. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीची झाली, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, तरी "तिचं लग्नात झालं की" हे वाक्य आपल्याही वस्त्यांत चालते. भाऊ गाडी करून बहिणीला कचेरीत नेतात, हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात, साडी देतात आणि घरी सोडतात. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो.

मुलींची नावे पुसणारे मृत्युपत्र करायचे असेल तर कृपा करून जोतीरावांचे नाव घेऊ नका. त्यांनी ज्याला हक्क नव्हता त्याला हक्क देण्यासाठी लिहिले. ज्याला आहे त्याचा काढून घेण्यासाठी लिहिणारा माणूस मनूच्याच ओळी गिरवतो.

एकदा लिहिले म्हणजे झाले नाही

ख्रिस्ती किंवा पारशी माणसाचे जुने मृत्युपत्र तो लग्न करताच रद्द होते. आपले होत नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांसाठी तसे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पंचविसाव्या वर्षी सगळे भावाच्या नावे लिहिलेत, तिसाव्या वर्षी लग्न केलेत आणि पस्तिसाव्या वर्षी गेलात, तर तो जुना कागद जिवंत आहे. बायको-पोरे बघत राहतील. तसेच ज्याला दिले तो तुमच्याआधी गेला तर तो भाग बहुधा अधांतरी राहतो. म्हणून लग्न, मूल, घटस्फोट, घरातला मृत्यू, नवे घर, यातले काहीही घडले की कागद काढून पाहायचा. काही नाही घडले तरी दर 14 एप्रिलला पाहायचा. शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते, म्हणून नव्यात "आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" एवढे लिहायला विसरायचे नाही.

करायचे कसे? अठरा पूर्ण असलेल्या, शुद्धीवर असलेल्या कोणालाही करता येते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. मराठीत लिहा. काय आहे, कोणाला, किती, हे गट नंबर आणि खाते नंबरासह लिहा. खाली सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहून तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, वाद टळतो. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून तरुण असू द्या. अंमलबजावणी कोणी करायची त्याचे नाव घाला. तुमच्या सावित्रीबाई कोण, हे तुम्हीच ठरवायचे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नाममात्र फी भरून करून ठेवावी, जोतीरावांसारखी. शर्तीची जमीन असेल तर आधी तलाठ्याला आणि वकिलाला विचारा. विहाराची, वाचनालयाची, मंडळाची कुठलीही वस्तू तुमच्या नावावर असेल तर ती जिवंतपणीच संस्थेच्या नावे करा. ते होईपर्यंत मृत्युपत्रात ती माझी नाही, अमक्या वस्तीची आहे, असे लिहून ठेवा.

आणि देहदान, नेत्रदान, बौद्ध पद्धतीचा विधी, हे लिहाच, पण घरच्यांना तोंडानेही सांगा. मृत्युपत्र उघडेपर्यंत बहुतेक वेळा राख झालेली असते. जोतीरावांची दफनाची इच्छा माहीत असूनही पुरी झाली नाही.

"आपल्याकडे आहेच काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. आपल्याकडे काही नसते हे आपल्याला कोणी शिकवले? घरकुलाची एक खोली आहे. पीएफ आहे. बचतगटाचे पैसे आहेत. मोटारसायकल आहे. बाबासाहेबांचे खंड आहेत. थोडे असते तिथेच भांडण जास्त होते, कारण तेवढेच असते. श्रीमंताकडे वकील असतो, आपल्याकडे भाऊबंदकी असते.

"बौद्धाने मिळकतीत जीव का अडकवावा?" असेही काही उपासक विचारतात. त्यांनी सिगालोवाद सुत्त पुन्हा वाचावे. तथागतांनी सिगालाला आईबापांची जी पाच कर्तव्ये सांगितली त्यांत योग्य वेळी वारसा मुलांच्या हाती सोपवणे हे एक आहे. अनित्यता म्हणजे बेफिकिरी नव्हे. उद्याचा भरवसा नाही हे ज्याला खरोखर कळले तो आजच लिहून ठेवतो.

काकांच्या वस्तीत अजून काही ठरलेले नाही. थोरला मुलगा वाईट नाही, बोलणी चालू आहेत. गेल्या महिन्यात पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही त्याच विहारात बसलो. मी माझे मृत्युपत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवले. माझ्याकडे आहे थोडेच: एक बँक खाते, आईने केलेली दोन कानातली आणि पुस्तकांची चार कपाटे. कानातली भाचीला, पुस्तके विहाराला. वाचून झाल्यावर त्या आजींनी विचारले, "माझी खोली मला लेकीच्या नावे करायची आहे. पोरं ऐकतील का?"

मी म्हटले, "आजी, खोली तुमची आहे. त्यांनी ऐकायचा प्रश्नच नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते."

कागद तिथेच होता. दोन साक्षीदारही होते. अर्ध्या तासात झाले.

जय जोती! जयभीम!